दंडाची वही: पांझरेकाठच्या एका फडाचे प्रकरण

माझ्यासमोर एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी, वाण्याच्या दुकानात असायची तसली. आमच्या गावाच्या फडाचे, म्हणजे सामाईक पाण्यावरच्या शेतीचे, जे हवालदार होते त्यांनी ती ठेवली होती. त्यांचे जुने घर पाडताना ती माळ्यावर सापडली, आणि "गुरुजी, तुमच्याकडे राहू द्या" म्हणून त्यांच्या मुलाने मला आणून दिली. आत दंडाच्या नोंदी आहेत. "रात्री दारं फोडलं, सव्वा रुपया." "गुरं हरभऱ्यात, आठ आणे." "कालवा काढायला माणूस दिला नाही, दोन रुपये." दारं म्हणजे वावरात पाणी घ्यायचे तोंड. प्रत्येक ओळीच्या शेवटी "पावले" लिहिलेले आहे. म्हणजे दंड भरला, विषय संपला.

लिहिलेल्या शेवटच्या पानावर मात्र एका ओळीवर आडवी रेघ आहे. इतकी दाबून मारलेली की टाकाचे टोक कागदातून आरपार गेले आहे. खालचे नाव वाचता येत नाही. मला ते माहीत आहे, कारण त्या रात्री फडाचा जागल्या माझा बाप होता आणि कंदील माझ्या हातात होता.

माणसाची नीती घसरली की समाज घसरतो, हे मी कीर्तनात ऐकले आणि पुढे मास्तर झाल्यावर मुलांना फळ्यावर लिहूनही दिले. पण एका माणसाच्या मनातली चूक गावाच्या ताटापर्यंत कोणत्या वाटेने पोचते, ते मला या वहीने दाखवले. ती वाट इथे जशी घडली तशी मांडतो आहे. गावाचे आणि माणसांचे नाव लिहीत नाही. त्यांची मुले-नातवंडे तिथे नांदत आहेत आणि चांगली आहेत.

खानदेशाबाहेरच्या वाचकाला फड म्हटले की तमाशाचा किंवा कुस्तीचा फड आठवेल. आमच्याकडे फड म्हणजे शेत, आणि एकाचे नव्हे, गावाचे. पांझरा साक्री तालुक्यात सह्याद्रीच्या अंगाने उतरते, धुळे शहरातून जाते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. तिच्यावर आणि पलीकडे नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर तीनशे-चारशे वर्षांपासून दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याने तुंबवलेले पाणी उताराने कालव्यात जाते, कालव्यातून चारीत, चारीतून सारंगांत, म्हणजे वावरांकडे जाणाऱ्या छोट्या पाटांत, आणि उरेल ते सांडव्याने परत नदीला. कुठे इंजिन नाही, मोटार नाही. कालव्याखालची जमीन मोठमोठ्या पट्ट्यांत विभागलेली. एक पट्टा म्हणजे एक फड, आणि एका फडात एका वर्षी एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात ज्वारी-बाजरी, एखादा पडीक. दुसऱ्या वर्षी पिके फिरवायची. बहुतेकांची वावरे एकाहून जास्त फडांत असल्यामुळे दरसाल प्रत्येकाच्या वाट्याला थोडे पाणी येई. जमिनीलाही विसावा मिळे, ती चिबडत नसे.

अभियंते विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत ते खानदेशातच होते. पांझरेवर पाण्याच्या नळाचे काम त्यांनी भर पावसात झुंजून पुरे केले. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी पिकांचे गट पाडून पाणी फिरवायची 'ब्लॉक' पद्धत मांडली. आमच्या बंधाऱ्यांकडे पाहिले की त्या कल्पनेचे बीज कुठे पडले असेल याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

या व्यवस्थेत एक नियम सगळ्यांच्या वर होता. पाटकऱ्याखेरीज कोणी पाण्याला हात लावायचा नाही. ज्याचे वावर तो घरी झोपलेला असे आणि पाटकरी त्याच्या गव्हाला पाणी भरत असे. उभे पीक जागल्या राखी. दोघांवर हवालदार, हवालदारावर पंच. आम्हा सगळ्यांची मजुरी खळ्यावर धान्यात मिळे, आणि ती प्रत्येक खळ्यावरून मिळे, बंधाऱ्याजवळच्या मोठ्या बागायतदाराकडून आणि कालव्याच्या शेपटाकडच्या दोन बिघेवाल्याकडूनही. शेपटाचे पीक वाळले तर जागल्याच्या कणगीत तेवढे दाणे कमी. माझा बाप रात्री शेपटापर्यंत चालत जाई त्यामागे हेही एक कारण होते.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी पहिली-दुसरीत होतो. नदीत धार उरली होती करंगळीएवढी. पंचांनी चिंचेखाली बसून ठरवले की बंधाऱ्यालगतचा एकच फड भिजवायचा. ज्यांची वावरे त्या फडात नव्हती त्यांना बाकीच्यांनी अर्धेलीने तुकडे लावून दिले. भांडणे झाली, शिव्या झाल्या, पण फड मोडला नाही. त्या सालात वहीत पाण्याच्या चोरीची एकच नोंद आहे आणि तिच्यापुढेही "पावले" आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिची गरज पडेल.

आता नानांबद्दल. नाना पंच होते, पाटलांच्या घरातले. दरसाल पंढरीची वारी, दारात उन्हाळाभर पाणपोई, कुणाचे बाळंतपण अडले की त्यांची बैलगाडी जुंपलेली. दारूचा थेंब नाही, पत्त्याला हात नाही. नीती घसरली म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जो माणूस येतो, तो हा नव्हे. म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. उसाला गिऱ्हाईक आले होते, भाव बरा होता. नानांच्या लेकीचे लग्न ठरले होते. त्या साली उसाचा फड खालच्या अंगाला होता आणि तिथे नानांचे वावर लहान. वरचा फड गहू-हरभऱ्याचा. त्या गव्हाच्या फडात, बंधाऱ्याजवळच्या आपल्या वावरात, नानांनी ऊस लावला. पंचांनी पाहिले, पण कोणी काही बोलले नाही. एकाच वावरात तर आहे, असे मनात म्हणाले असतील.

एकाच वावरातला ऊस काय करतो ते शेतकऱ्याला सांगायला नको. गहू चार महिन्यांत निघून जातो, पाच-सहा पाण्यांत भागतो. ऊस वर्षभर उभा राहतो आणि चैत्र-वैशाखात, बाकी फड मोकळा झालेला असताना, पाणी मागतो. एका वावरासाठी आख्खी चारी चालू ठेवावी लागते. आणि पौषात, गहू ओंबीवर असताना, त्याच चारीच्या तोंडाशी ऊस तहानलेला उभा असतो.

ती पौषातलीच रात्र होती. मी बारावीला होतो, बापाची भाकर घेऊन फडावर गेलो होतो. बाप शेपटाकडे उभा होता. चारीत पाय घालून तो म्हणाला, पाणी उतरलं. त्याला ते दिसले नव्हते, घोट्याला कळले होते. आम्ही चारीच्या काठाने वर निघालो. तो पुढे, अनवाणी, थोड्या थोड्या अंतरावर पाण्यात पाय घालून बघत. मी मागे, कंदील घेऊन. वरच्या फडाशी आलो तर नानांच्या उसाचे दारे मोकळे होते आणि पाणी आत खळखळत होते. बांधावर घोंगडी पांघरून नाना स्वतः बसले होते. हातात फावडे, फावड्याला ओला चिखल.

बाप थांबला. नाना म्हणाले, "येक रातमा काय व्हई जाई रे? लेकनं लगीन शे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि अगदी मायेने विचारले, "पोऱ्याले मास्तर करनं शे ना तुले?"

बापाने दारे बंद केले नाही. पण सकाळी त्याने हवालदारांना सांगितले. हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्याने आपले काम अर्धे का होईना केले होते. हवालदारांनी वहीत ओळ लिहिली. दोन दिवसांनी चिंचेखाली पंच बसले, नानाही बसले. एका पंचाने बापाला विचारले, तू स्वतः मानूस वळखना का? बाप खाली बघत म्हणाला, "अंधार व्हता. मानूस वळखू उना नही."

कंदील कुठे होता, हे कोणी विचारले नाही. कंदील धरणारा मी बापाच्या मागे चार हातांवर उभा होतो. माझ्या तोंडूनही शब्द फुटला नाही. हवालदारांनी रेघ मारली. जूनमध्ये मी डी.एड.ला गेलो. पहिल्या वर्षाची फी नानांनी भरली.

त्या पौषात शेपटाकडचा गहू पोचट निघाला. तिथे आमच्या आळीतल्या एका काकूचे वावर होते, नवरा वारलेला, दोन मुले. तिने खळ्यावर ओंबी तळहातावर चोळून फुंकली. फुंकरीबरोबर भुसा उडाला आणि हातात चार-सहा चिंबलेले दाणे राहिले. ती बापाला म्हणाली, भाऊ, औंदा तुमना वाटा थोडा कमी देस. बापाने घेतला नाही. तिला वाटले, दया केली.

नानांच्या एका रात्रीच्या पाण्याने फड मोडला नाही. फडाने त्याहून मोठ्या चोऱ्या पचवल्या होत्या, वही त्यांनी भरली आहे. फड मोडायला सुरुवात झाली त्या रेघेपासून. पुढच्या वर्षी शेपटाकडच्या एकाने दारे फोडले. हवालदार दंड मागायला गेले तर तो म्हणाला, "पहिले नानानं नाव लिखा, मंग मन्हं." हवालदारांकडे उत्तर नव्हते. त्यांनी वही मिटली आणि पुन्हा उघडली नाही. दंड बंद करा असा ठराव कोणी केला नाही. तो लिहायचा राहून गेला, एवढेच.

त्यानंतर सगळे उताराला लागले. कालव्यातला गाळ काढायला घरटी माणूस द्यायचा असे. दंड नाही म्हटल्यावर आधी मोठ्या घरांची माणसे यायची थांबली. मग जी आली त्यांना आपण मूर्ख ठरतो आहोत असे वाटू लागले, आणि तीही थांबली. गाळाने कालवा उथळ झाला, शेपटाला पाणी पोचेना. वीज आली होती, कालव्यातच मोटारी बसल्या. पाटकऱ्याला खळ्यावरचा वाटा पुरेना, तो रात्रीच्या पाण्याचे रोख पैसे घेऊ लागला. एकाने ऊस लावला म्हणून दुसऱ्याने लावला. पिके फिरवणे संपले. वरच्या फडात बारमाही पाणी मुरून जमीन चिबडली आणि उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा थर येऊ लागला. सगळ्यात आधी तो नानांच्याच वावरात आला. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी विहिरी खोदल्या, नंतर बोअर मारले, एकाचे खोल गेले की दुसऱ्याचे त्याहून खोल. काकूने वावर विकले आणि मुलांबरोबर सुरतेला गेली.

पाण्यावर लागलेली सवय पाण्यावर थांबली नाही. गावातल्या सोसायटीच्या कर्जाचे तेच झाले. मोठ्याचे थकले तर माझे का मागता? सप्ताहाच्या वर्गणीचे तेच, गायरानाचे तेच. पूर्वी चिंचेखाली मिटायचे ते तंटे तहसिलीत आणि कोर्टात गेले. फड मोडला म्हणून गावाचे पाणी गेले, हे सगळ्यांना दिसते. आपण एकमेकांच्या शब्दावर झोपायचे विसरलो, हे मला त्याहून मोठे नुकसान वाटते. ज्याचे वावर तो घरी निवांत झोपलेला आहे, ही केवढी श्रीमंती होती! आज आमच्या गावात पाणी असलेला माणूस रात्री मोटारीवर जागतो आणि पाणी नसलेला काळजीने जागतो.

हे लिहिताना दुसरी बाजू डोळ्यांआड करणे बरोबर नाही. वर लाटीपाडा आणि मालनगाव ही धरणे झाली आणि नदीच्या पाण्याचे वेळापत्रक गावाच्या हातून गेले. वाटण्या होऊन वावरांचे तुकडे पडले. उसाच्या पैशाचा ओढा खरा होता, आणि लेकीच्या लग्नाचा खर्च नानांनी निर्माण केलेला नव्हता. जाणकार फडांच्या ऱ्हासाची हीच कारणे सांगतात आणि ती खोटी नाहीत. पण बाहत्तर साली पाणी याहून कितीतरी कमी होते आणि फड टिकला. त्याच धरणांखाली, याच नदीवर, काही गावांत फड अर्धामुर्धा का होईना अजून चालतो. धरणाने आमचे पाणी कमी केले. कमी पाणी वाटून घ्यायला लागते तो भरवसा मात्र आमचा आम्हीच घालवला.

इब्न खल्दून हा १३३२ मध्ये ट्यूनिसला जन्मलेला इतिहासकार राज्यांच्या चढउताराचे मूळ 'असबिया'त शोधतो. असबिया म्हणजे एकमेकांसाठी उभे राहण्याची गाठ. कष्टात ती घट्ट होते, सुखात सैल पडते, आणि तीन-चार पिढ्यांत सुटते, असे तो म्हणतो. मला ते बऱ्याच अंशी पटते. पण आमची गाठ सुखाने हळूहळू सैल पडलेली मी पाहिली नाही. ती एका सकाळी, सगळ्यांच्या देखत, भिडेपोटी सोडली गेली.

अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच सामाईक गोष्टींच्या अभ्यासासाठी. पाणी, कुरणे, मासेमारी अशा व्यवस्था जिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या तिथे राखणदार वापरणाऱ्यांना बांधलेला असतो आणि दंड लहानापासून सुरू होतो, असे त्यांना आढळले. त्यांनी अभ्यासलेल्या स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात शेतकऱ्यांनी निवडलेले पाण्याचे न्यायालय दर गुरुवारी मोठ्या चर्चच्या दारात उघड्यावर बसते. ते वाचले तेव्हा मला आमची चिंच आठवली. सव्वा रुपयाने कुणाची चोरी भरून येत नव्हती. पण तो सगळ्यांदेखत भरला की शेजाऱ्याला कळे, नियम आहे, आणि तो याच्यासाठीही आहे. नानांनी ते सव्वा रुपये टाकले असते तर मला वाटते फड आणखी एक पिढी चालला असता. त्यांना ते जड नव्हते. जड झाले ते नाव वहीत येणे.

आणि फडाचे गोडवे गाताना एक गोष्ट गिळून टाकायची माझी तयारी नाही. त्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा नव्हता. पंचांत बाई कधी बसली नाही, काकूला तिचे म्हणणे कुणी विचारले नाही. जागल्याकडे जमीन नव्हती. ज्याचे त्या पाण्यात थेंबभर नव्हते त्याच्याकडून गावाने अशी अपेक्षा केली की त्याने पाटलाच्या तोंडावर खरे बोलावे आणि मुलाची फीही बुडवून घ्यावी. प्रामाणिकपणाचे सगळ्यात जड ओझे सगळ्यात दुबळ्या खांद्यावर ठेवलेले होते. नानांच्या आधी किती तरी पिढ्या गावाची चूक तिथे होती. पाच पंच त्या सकाळी खरे काय ते जाणून होते. त्यांना कुणाची फी द्यायची नव्हती, आणि तरी ते गप्प बसले. माझ्या लेखी बापाच्या खोट्याहून त्यांचे गप्प बसणे मोठे आहे. माझे स्वतःचे मी अजून तोलू शकलेलो नाही. पस्तीस वर्षे पगार घेतला, घर बांधले, ते सगळे त्या एका वाक्यावर उभे आहे.

बाप शेवटपर्यंत फडाकडे जात राहिला, जागल्याचे काम संपल्यावरही. एकदाच तो त्या रात्रीबद्दल बोलला, तेही कंदिलाबद्दल. म्हणाला, तू कंदील नसता आणला तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी नानांचा नातू माझ्याकडे आला. २००५ च्या कायद्याप्रमाणे पाणी वापर संस्था करायची आहे, कालव्यातला गाळ काढायचा आहे, जुने नियम कसे होते ते सांगा, म्हणाला. शेतकी शिकलेला, सरळ मुलगा आहे. पहिल्या दिवशी कालव्यावर अकरा माणसे आली, त्यांत तो आणि त्याची बायको दोघेही फावडी घेऊन होती. संध्याकाळी त्याने विचारले, दंड किती ठेवावा आणि कोणी मागावा? मी वहीबद्दल सांगितले. त्याने ती मागितली.

मी बरेच दिवस टाळले. मग काल खोडलेल्या ओळीखाली तीच नोंद पुन्हा लिहिली, नावासकट. "रात्री दारं फोडलं, सव्वा रुपया." तिच्याखाली बापाचे नाव लिहून "ओळखले असून नाही म्हणाला" असे लिहिले, आणि त्याखाली माझे, "पाहिले असून बोलला नाही." तिन्ही ओळींपुढे "पावले" ची जागा रिकामी ठेवली आहे. तो उद्या सकाळी वही न्यायला येणार आहे.